राउटरच्या दोन किल्ल्या



२०२० साली शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. त्या वर्षी इंदूरमधील आपल्या पुष्कळ घरांत पहिल्यांदाच वाय-फाय आले. कंपनीच्या माणसाने भिंतीवर एक पेटी बसवली, कागदाच्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला आणि तो गेला. त्यानंतर त्या पेटीकडे सहसा कोणी लक्ष दिलेले नाही. दिवे हिरवे आहेत ना, एवढेच आपण पाहतो.

या पेटीचे नाव राउटर. ती नीट कशी लावावी आणि सुरक्षित कशी ठेवावी, हे या पाठात पाहू या. पाठ संगणक विषयाचा आहे, तरी घरातील मोठ्यांनीही वाचावा, कारण कनेक्शन त्यांच्या नावावर असते. आम्ही स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो, घरी मराठी बोललो, आणि राउटरच्या पानावर मात्र सर्व काही इंग्रजीत असते. म्हणून येथे प्रत्येक इंग्रजी शब्दाबरोबर त्याचे कामही सांगितले आहे.

१. राउटर काय करतो?

बाहेरून इंटरनेटची एक तार घरात येते. घरात मोबाइल, संगणक, टीव्ही अशी अनेक साधने असतात. कोणती माहिती कोणत्या साधनाची, हे ओळखून ती त्याला पोहोचवणे हे राउटरचे काम. हे तो रेडिओ लहरींनी करतो, म्हणून मधे तार लागत नाही.

लहरी मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात जातात, शेजारच्या घरात जातात, रस्त्यावरही जातात. आपल्या नळाच्या लाइनीवर कोणी मोटार लावली तर पाण्याची धार बारीक होते आणि आपल्याला लगेच कळते. वाय-फायचे तसे नाही. कोणी जोडले गेले तरी पेटीचे दिवे तसेच हिरवे दिसतात. म्हणून येथे कुलूप आधीच लावावे लागते.

२. दोन किल्ल्या

राउटरला दोन किल्ल्या असतात. पहिली म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. ती सर्वांना माहीत असते. पाहुणे आले की पाणी दिल्याबरोबर हीच मागतात.

दुसरी किल्ली म्हणजे राउटरच्या स्वतःच्या पानाचा पासवर्ड. याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. पहिल्या किल्लीने दार उघडते. दुसऱ्या किल्लीने दाराचे कुलूपच बदलता येते. ही किल्ली ज्याच्या हाती, तो पहिला पासवर्ड वाचू शकतो, बदलू शकतो, आणि याहून गंभीर गोष्टही करू शकतो. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाकतो, तेव्हा ते संगणकांच्या जाळ्यात कोठे आहे हे डीएनएस नावाची सोय सांगते. राउटरमधील डीएनएसची नोंद बदलली, तर बरोबर नाव टाकूनही आपण भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो.

ही दुसरी किल्ली अनेक राउटरांवर कारखान्यातून आली तशीच राहते. जुन्या राउटरांवर युजरनेम ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असा असे. नव्यांवर बहुधा खालच्या लेबलवर वेगळा छापलेला असतो.

कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवल्याने काय होते, हे २०१६ साली साऱ्या जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर राउटर आणि कॅमेरे शोधत फिरत असे. त्याच्याजवळ कारखान्याच्या साठएक युजरनेम-पासवर्डांची यादी होती. तो एकेक लावून पाहत असे आणि जे उघडेल ते ताब्यात घेत असे. अशा ताब्यात घेतलेल्या साधनांनी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीएनएस पुरवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे कित्येक ठिकाणी काही तास उघडेनात. ज्यांची साधने या कामी वापरली गेली त्यांना याची गंधवार्ताही नव्हती. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या तिघा तरुणांनी २०१७ साली अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिघेही विशीच्या आसपासचे होते. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

३. पासवर्डच नसेल तर?

याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो कोणत्या कनेक्शनवरून गेला याचा शोध घेत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरी पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता. दुसऱ्याच कोणी तरी ते वापरून ई-मेल पाठवला होता. त्या गृहस्थाचा कटाशी काही संबंध नव्हता, पण पोलिसांच्या चौकशीला त्यालाच सामोरे जावे लागले.

यातील कारण समजून घ्यावे. बाहेरच्या जगाला आपल्या घरातील दहा साधने वेगवेगळी दिसत नाहीत. सर्वांचा मिळून बहुधा एकच पत्ता दिसतो, आणि तो कंपनीच्या नोंदीत आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर असतो. आपल्या वाय-फायवरून कोणीही काहीही केले, तरी पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

४. कृती

हे काम रविवारी सवडीने करावे. परीक्षेच्या किंवा ऑनलाइन अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री करू नये. जवळ एक वही ठेवावी. मुलांनी घरातील मोठ्यांना बरोबर घेऊनच बसावे.

पायरी १. राउटर उलटा करून लेबल वाचा. त्यावर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. तो इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. लेबल पुसट झाले असेल तर मोबाइलमधील वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ या शब्दापुढे हाच पत्ता दिसतो. हे पान राउटरच्या आतच असते, त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी उघडते. शक्य असेल तर संगणक तारेने राउटरला जोडून काम करावे, म्हणजे वाय-फायची माहिती बदलताना काम मध्येच तुटत नाही.

पायरी २. सर्वांत आधी दुसरी किल्ली बदला. ‘सिस्टम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ अशा भागात पासवर्ड बदलण्याची जागा असते. नवा पासवर्ड लगेच वहीत लिहा. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डसारखा ठेवू नये, नाही तर दोन किल्ल्यांची एकच होते.

पायरी ३. ‘वायरलेस’ भागात जा. तेथे ‘एसएसआयडी’ म्हणजे आपल्या वाय-फायचे नाव असते. आपल्याकडे आडनाव आणि फ्लॅटचा नंबर देण्याची आवड आहे. ते टाळावे. हे नाव रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते, त्याला घराचा पत्ता कशाला द्यावा? झाडाचे, नदीचे, कसलेही साधे नाव पुरते.

पायरी ४. ‘सिक्युरिटी’ या शब्दापुढे कुलपाचा प्रकार निवडायचा असतो. ‘डब्ल्यूईपी’ हा १९९७ चा प्रकार असून तो मोडण्याची रीत २००१ सालीच प्रसिद्ध झाली. ‘डब्ल्यूपीए’ २००३ साली आला, ‘डब्ल्यूपीए-२’ २००४ साली आणि ‘डब्ल्यूपीए-३’ २०१८ साली. डब्ल्यूपीए-३ असेल तर तोच घ्यावा. घरात जुना मोबाइल किंवा प्रिंटर असेल आणि तो जोडला जात नसेल, तर २ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडावा. तोही नसेल तर ‘डब्ल्यूपीए-२’ आणि त्यापुढे ‘एईएस’. डब्ल्यूईपी किंवा ‘ओपन’ मात्र कधीही नको.

पायरी ५. वाय-फायचा नवा पासवर्ड टाका. तो कसा निवडावा हे पुढे दिले आहे. बदल केल्याबरोबर घरातील सर्व साधने तुटतील. घाबरू नये. प्रत्येकावर नवा पासवर्ड एकदा टाकावा लागतो.

पायरी ६. दोन गोष्टी बंद करा. एक ‘डब्ल्यूपीएस’, दुसरी ‘रिमोट मॅनेजमेंट’. दुसरीचे काम म्हणजे घराबाहेरून, इंटरनेटवरून राउटरचे पान उघडू देणे. घरगुती वापरात तिची गरज क्वचितच पडते. कंपनीने दिलेल्या राउटरवर ही जागा दिसली नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे विचारणा करावी.

पायरी ७. ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर सुरू करा. याचे नाव आणि पासवर्ड वेगळे असतात. त्यावर जोडलेल्या मोबाइलला इंटरनेट मिळते, पण आपल्या संगणकापर्यंत किंवा प्रिंटरपर्यंत जाता येत नाही. पानावर यासाठी वेगळी खूण असेल तर ती तपासून घ्यावी.

पायरी ८. ‘फर्मवेअर’ म्हणजे राउटरच्या आतील प्रोग्राम. त्यातील चुका सापडल्या की कंपनी सुधारित प्रत देते. ‘ऑटो अपडेट’ असेल तर सुरू ठेवावे, नसेल तर काही महिन्यांनी पाहत जावे.

एक सूचना. राउटरच्या मागे बारीक छिद्र असते. त्यात टाचणी काही सेकंद दाबून धरली की सर्व काही कारखान्यातल्यासारखे होते. पासवर्ड विसरल्यास हा शेवटचा उपाय. पण त्याबरोबर कंपनीने भरलेली कनेक्शनची माहितीही पुसली जाऊ शकते. म्हणून दाबण्यापूर्वी ती माहिती वहीत आहे का, हे पाहावे.

५. पासवर्ड आणि थोडे गणित

डब्ल्यूपीए-२ मध्ये एक उणीव आहे. आपला मोबाइल वाय-फायला जोडला जात असताना जे संकेत जातात ते बाहेरचा माणूस टिपून घेऊ शकतो, आणि मग घरी बसून आपल्या संगणकावर एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए-३ ने ही वाट बंद केली. पण जेथे डब्ल्यूपीए-२ आहे तेथे सारी भिस्त पासवर्डवर असते.

गणितासाठी धरून चालू, की असा संगणक सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला आजचा संगणक याहूनही वेगाने तपासतो.

जन्मतारीख: शंभर वर्षांत सुमारे ३६,५२५ दिवस. तारीख तीन पद्धतींनी लिहिली तरी सव्वा लाखाच्या आतच शक्यता. एक सेकंदही लागणार नाही.

मोबाइल नंबर: दहा आकडे, पहिला ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे ४ × १००,००,००,००० = ४०० कोटी शक्यता. भागिले दहा लाख, ४,००० सेकंद. एक तास सात मिनिटांतच काम संपले. शिवाय शेजाऱ्यांना आपला नंबर माहीत असतोच.

पाच शब्द: मराठी शब्दकोश घ्या. डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि प्रत्येक वेळी बोट पडेल तो शब्द घ्या. समजा ‘खलबत्ता’, ‘पतंग’, ‘ओसरी’, ‘चष्मा’, ‘वळण’ असे शब्द आले. ते रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहा. हे उदाहरण आहे, हेच शब्द वापरू नयेत. शोधणाऱ्याजवळ फक्त ५,००० शब्दांची यादी आहे आणि आपले सर्व शब्द तिच्यात आहेत, असे त्याच्या सोयीचे धरू. चार शब्दांच्या शक्यता ५,००० चा चौथा घात, म्हणजे ६२५ लाख कोटी. सर्व तपासायला सुमारे वीस वर्षे. पाचवा शब्द जोडला की वीस वर्षांचे पाच हजार पट, म्हणजे जवळजवळ एक लाख वर्षे!

शब्द आपण मनाने निवडू नयेत. मनाने निवडले की मुलांची नावे, देवाची नावे, अभंगाची ओळ असेच सुचते, आणि तेच शोधणाऱ्यालाही आधी सुचते. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यामुळे पाच शब्द सहज मावतात. आजीलाही ते तोंडपाठ होतात.

६. डब्ल्यूपीएस का बंद करावे?

हे गणित आठवीच्या मुलांना आवडेल. डब्ल्यूपीएसमध्ये पासवर्डऐवजी आठ आकड्यांचा एक क्रमांक चालतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून खऱ्या शक्यता एक कोटी. एवढ्याही पुष्कळ झाल्या.

पण २०११ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियातील एका संशोधकाने एक गोष्ट दाखवून दिली. राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते चूक आहेत की बरोबर, हे तेव्हाच कळते. आठ चाकांच्या कुलपाने चार चाके जुळताच खट् आवाज करावा, तसे हे झाले. आता पहिल्या चारांसाठी १०,००० प्रयत्न आणि उरलेल्या तिनांसाठी १,०००. गुणाकार नाही, बेरीज. एकूण ११,०००. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर ३३,००० सेकंद, म्हणजे नऊ तास दहा मिनिटे. रात्री झोपताना सुरू केले तर सकाळच्या पोह्यांपर्यंत कुलूप उघडले! नंतरचे अनेक राउटर काही चुकांनंतर थांबतात. तरीही ज्या दाराची गरज नाही ते बंद ठेवणे बरे.

७. सिग्नलविषयी दोन शब्द

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून अधिक लांब जाते, पण त्या पट्टीवर गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींनी लवकर अडते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत पहिली उपयोगी, त्याच खोलीत बसून काम करायचे तर दुसरी. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा, लोखंडी कपाटामागे नको. मल्टीत सर्वांचे राउटर जवळजवळ असतात, तेथे २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी ते निवडावे, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

काही जण वाय-फायचे नाव लपवतात. त्याचा फारसा उपयोग नाही. साध्या प्रोग्रामने लपलेले नावही दिसते.

८. देणे वेगळे, उघडे टाकणे वेगळे

कोणी म्हणेल, की शेजारच्या मुलीची परीक्षा आहे, तिच्या घरी नेट नाही, मग कुलूप लावून बसणे आपल्या माणसांत शोभते का? प्रश्न योग्य आहे. आपल्या वाड्यांत वाटीभर साखर मागायला कोणाला संकोच वाटला नाही. तिला अवश्य द्यावे. गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड द्यावा आणि परीक्षा झाल्यावर बदलावा. पाहुण्याला आपण बैठकीत मानाने बसवतो, पण कपाटाची किल्ली हाती देत नाही. तसेच हे. आपण कोणाला दिले हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या पाठात जे शिकलात ते फक्त आपल्या घरच्या राउटरवर, पालकांसमोर करावे. शेजाऱ्याचे किंवा दुकानदाराचे पान ‘उघडते का पाहू’ म्हणून उघडणे ही गंमत नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याचे कुलूप उघडे दिसले तर दार वाजवून त्यांना सांगावे. चांगला शेजारी तेच करतो.

विश्वस्त मंडळींना विनंती, की शाळेच्या बाबतीतही हाच विचार व्हावा. कार्यालयाच्या नेटवर्कवर फीची आणि निकालाची माहिती असते. ते विद्यार्थी व पाहुण्यांच्या नेटवर्कपासून वेगळेच असावे. ॲडमिन पासवर्ड एकाच्या डोक्यात न राहता बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या तिजोरीत असावा. ज्याला तो माहीत आहे असा कर्मचारी शाळा सोडून गेला, की त्याच आठवड्यात तो बदलावा. यात अविश्वास नाही. तिजोरीच्या किल्ल्यांची नोंद आपण ठेवतो, तशीच ही एक. आणि ज्या राउटरला कंपनीकडून सुधारित फर्मवेअर येणे बंद झाले, तो चालत असला तरी बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरच्या राउटरवर कुलपाचा कोणता प्रकार आहे, ते पालकांसह पाहून लिहा. पासवर्ड मात्र वहीत लिहून शाळेत आणू नये.

२. राउटरच्या पानावर जोडलेल्या साधनांची यादी असते. त्यातील संख्या आणि घरातील साधनांची संख्या जुळते का? टीव्ही, कॅमेरा, प्रिंटरही मोजा. अनोळखी नाव दिसले तर आधी घरातील एकेक साधन बंद करून ते कोणाचे आहे हे शोधा. तरीही उलगडा झाला नाही तर वाय-फायचा पासवर्ड बदला.

३. शब्दकोशातून सहा शब्द घेतले, तर वरच्याच वेगाने सर्व शक्यता तपासायला किती वर्षे लागतील? (इयत्ता ८ वी व पुढे)

४. डब्ल्यूपीएसच्या उदाहरणात गुणाकाराऐवजी बेरीज का करावी लागली, ते पाच ओळींत आपल्या शब्दांत लिहा.

५. आजी-आजोबांना ‘दोन किल्ल्या’ म्हणजे काय ते समजावून सांगा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न लिहून आणा.

उत्तरे संगणकाच्या वहीत लिहून शिक्षकांना दाखवावी. पाचव्या प्रश्नातील निवडक प्रश्न उत्तरांसह पुढील अंकात छापू.

– प्राचार्य